एकाच तोंडात इम्प्लांट, ब्रिज आणि कवळी : १४ महिन्यांनंतर

हे पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसती रडगाणी लिहिली असती आणि चौथ्या महिन्यात लिहिलं असतं तर आरती ओवाळली असती. म्हणून थांबले. शेवटची वस्तू तोंडात बसली सप्टेंबर २०२४ मध्ये. त्यानंतर दोन दिवाळ्या, एक संक्रांत आणि पेरूचा एक अख्खा हंगाम या दातांनी काढलाय. आता बोलायला हरकत नाही.

मी ६१ वर्षांची, निवृत्त शिक्षिका, विषय मराठी, मुक्काम कराड. मधुमेह १३ वर्षांचा. खालची उजवीकडची पहिली दाढ २०१२ साली काढली. खालच्या डावीकडची एक छोटी दाढ नंतर कधीतरी गेली. आणि वरचे पुढचे चार दात, म्हणजे पटाशीचे, पायरियाने असे हलायला लागले की मी तोंडावर पदर धरून हसायची. आईचं पन्नाशीतच बोळकं झालं होतं. ती मिश्री लावायची, मी कधी लावली नाही, त्यामुळे आपल्याला काही होणार नाही अशा गोड समजुतीत होते. साखर वाढलेली असली की हिरड्यांना मिश्री लागत नाही.

तर आता माझ्या तोंडात तीन वेगवेगळी कामं आहेत. उजवीकडे खाली इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेलं टायटॅनियमचं खोटं मूळ, आणि त्यावर झिर्कोनियाची (पांढऱ्या, टणक सिरॅमिकची) कॅप. डावीकडे खाली तीन दातांचा ब्रिज, म्हणजे दोन्ही बाजूंच्या दातांच्या आधारावर मधला खोटा दात, धातूवर सिरॅमिक चढवलेला. वर पुढच्या चार दातांची काढघालीची कवळी, कोबाल्ट-क्रोम धातूच्या सांगाड्याची. तिन्ही पर्याय एकाच माणसाने एकाच वेळी वापरून पाहिलेत, एवढीच माझी पात्रता समजा.

आधी २०१२ ची चूक सांगते, कारण पैसे तिथेच गेले. दाढ काढणाऱ्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं, मागची दाढ आहे, दिसत नाही, काही बसवायची गरज नाही. मलाही तेच ऐकायचं होतं. अकरा वर्षं जागा रिकामी राहिली. आता कळतंय की तोंडात रिकामी जागा रिकामी राहत नाही. मागची दाढ त्या खड्ड्याकडे कलली. वरची दाढ, तिला खालून टेकायला कोणी नाही म्हटल्यावर, हळूहळू खाली उतरली. आणि दात गेल्यावर तिथलं हाड आटत जातं, रुंदीला तर पहिल्या वर्षभरातच बरंच. माझं नशीब की उंचीला पुरेसं उरलं होतं. कोल्हापूरला जाऊन जबड्याचा थ्री-डी स्कॅन काढला तेव्हा डॉक्टरांनी पडद्यावर मोजून दाखवलं : १० मिलिमीटर लांबीचा इम्प्लांट बसेल, पण वरची उतरलेली दाढ घासून घ्यावी लागेल, नाहीतर खाली कॅपला जागाच नाही. ती घासली. थोडक्यात निभावलं, आणखी उतरली असती तर तिचंही रूट कॅनाल आणि कॅप माझ्या बिलात आली असती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिल्यांदा दाखवायला गेले तेव्हा एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ८.६ निघालं. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, इम्प्लांटचं नंतर बोलू. आधी हिरड्या साफ करू आणि साखर खाली आणा." हलणारे चार दात त्यांनी काढले, तात्पुरती प्लॅस्टिकची कवळी दिली आणि मला चार महिने चालायला लावलं. मला राग आला होता, पण ज्या डॉक्टरने तयार गिऱ्हाईक परत पाठवलं त्याच्याकडेच काम करायचं हे मी त्याच दिवशी ठरवलं. फेब्रुवारीत ७.२ आलं, मार्चमध्ये इम्प्लांट बसला. जाता जाता एक : हाडं ठिसूळ होण्यावरची आठवड्याची गोळी किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दात काढण्याच्याही आधी ते सांगायचं. माझ्या वन्सं दोन्ही घेतात आणि दातांच्या डॉक्टरला त्याचं काय, असं म्हणून काहीच सांगत नाहीत.

ऑपरेशनचं जेवढं मनात धरलं होतं तेवढं काही नव्हतं. भूल देऊन चाळीस मिनिटं. ड्रिलची घरघर डोक्यात घुमते, दुखत नाही. मूळची दाढ काढताना याच्या दुप्पट त्रास झाला होता. दुसऱ्या दिवशी गाल सुजला, तीन दिवस वरण-भात आणि खिमट. मग वाट बघणं. टायटॅनियमला हाड धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन-चार महिने लागतात, वरच्यात जास्त. माझ्या साखरेमुळे पाच महिने थांबवलं. या काळात घरातला प्रत्येक जण विचारतो, "अजून दात नाही आला?" जणू नातवंडाला यायचाय.

हे हाड धरणं प्रकरण मला भारी आवडलं म्हणून वाचून काढलं. स्वीडनचे ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात रक्ताभिसरण कसं चालतं ते बघत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची नळी काम झाल्यावर काढायला गेले तर निघेना, हाडाने तिला धरूनच ठेवलं होतं. त्यातून पुढे १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसले आणि त्या गृहस्थाने ते चाळीस वर्षांहून जास्त, मरेपर्यंत वापरले. माझे टिकले तर मी शंभरीपार जाईन, म्हणून जरा काळजीने वापरते.

आता रोजचा अनुभव. इम्प्लांटची दाढ मुकी आहे. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, त्यातून दाब कळतो. इम्प्लांट थेट हाडात, मध्ये काही नाही. त्यामुळे भातात खडा आला तर माझे बाकीचे दात लगेच शहारतात, ही दाढ मात्र शांतपणे तो चावत बसते. पहिल्या महिन्यात मी तिच्यावर जरा जास्तच जोर द्यायची. नंतर अंदाज येतो. बाकी भाकरी, शेंगदाणे, मटण, चिवडा, कशालाही ना नाही. बारा वर्षांनी उजवीकडून चावले तेव्हा गाल दुखला, सवय मोडलेली. आज मला ती दाढ आपली नाही हे आठवायला लागतं.

आठव्या महिन्यात मात्र कॅप किंचित डुलायला लागली. मी गार पडले, वाटलं इम्प्लांटच सुटला. निघालं असं की कॅपला इम्प्लांटशी जोडणारा आतला स्क्रू सैल झाला होता. कॅप स्क्रूवर बसवलेली होती, सिमेंटने चिकटवलेली नव्हती, त्यामुळे वरचं बूच काढून, स्क्रू आवळून, वीस मिनिटांत सोडलं. चिकटवलेली असती तर कदाचित कॅप फोडावी लागली असती. तेव्हा विचारताना हा प्रश्न जरूर विचारा. आणि इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर, ज्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो, ते मागून घ्या. उद्या डॉक्टर बदलले, गाव बदललं, तर त्या स्टिकरवाचून त्याच मापाचा स्क्रू मिळणं अवघड.

ब्रिजबद्दल माझं मत कडवट आहे आणि दोष माझाच आहे. गेलेल्या दाताच्या मागच्या दाढेला आधीच रूट कॅनाल झालेलं होतं, कॅप होतीच, तिचं काही वाटलं नाही. पण पुढची छोटी दाढ ठणठणीत होती. ती चारही बाजूंनी, पेन्सिलीला टोक काढावं तशी, तासली गेली. डॉक्टरांनी दोन्ही पर्याय समोर ठेवले होते, मी स्वस्त आणि दहा दिवसांत होणारा निवडला. पाच आठवडे गार पाण्याने ती दाढ झिणझिणत होती. शिवाय ब्रिजच्या मधल्या खोट्या दाताखाली मेथीचे दांडे, मटणाचे धागे अडकतात आणि साध्या ब्रशने निघत नाहीत. एक जाड, टोकाला ताठ असलेला धागा मिळतो, सुपरफ्लॉस म्हणतात, तो खालून ओवून काढावा लागतो. कराडच्या दोन मेडिकलमध्ये त्यांना हे काय ते माहीत नव्हतं, ऑनलाइन मागवला. दोन दिवस आळस केला की वास येतो, मलाच येतो. दोन्ही बाजूंच्या दाढा आधीच कॅपवाल्या असत्या तर मी ब्रिजला नावं ठेवली नसती. चांगला दात तासून मात्र पुन्हा करणार नाही.

आणि आता कवळी, जिला मी सगळ्यात जास्त घाबरत होते. वरचं पुढचं हाड पायरियाने इतकं खाल्लेलं की इम्प्लांट करायचे तर आधी हाड भरावं लागलं असतं. सुळे ब्रिजचा भार पेलतील याची खात्री नव्हती. मग राहिली काढघालीची. आधीची तात्पुरती प्लॅस्टिकची होती, टाळूभर पसरलेली, चव लागायची नाही आणि वरणाचा गरमपणा गिळल्यावर कळायचा. तिचा एक दात मी बेसिनमध्ये पाडून मोडला. (धुताना खाली पाण्याने भरलेलं टमरेल नाहीतर टॉवेल ठेवायचा, ही अक्कल नंतर आली.) धातूची आली आणि फरक पडला : पातळ, टाळूचा मधला भाग मोकळा. लवचिक, गुलाबी नायलॉनची मिळते, तार दिसत नाही, तीही मनात होती. पण पुढे आणखी एखादा दात गेला तर तिच्यात जोडता येणं कठीण, धातूच्या कवळीत जोडता येतो, म्हणून ही घेतली. मोठ्याने हसले तर सुळ्यावरची रुपेरी तार दिसते. दिसू दे.

बोलणं हा माझा खरा धसका होता. ३४ वर्षं वर्गात पोरांचे उच्चार सुधारले आणि आता माझीच जीभ अडखळणार. झालंही तसंच. आपल्या मराठीत च दोन, ज दोन. 'चिमणी'तला च बरा यायचा, पण 'चोच' म्हणायला गेलं की शिट्टी. 'चिमणीची चोच' हे माझं घरातलं परीक्षेचं वाक्य झालं आणि नात त्यावर गुण द्यायची. मेणावर दात मांडून बघतात, त्या दिवशी डॉक्टरांनी एकसष्ट ते सत्तर आकडे म्हणायला लावले. स फुसफुसला म्हणून दोन दात किंचित आत घेतले. ही मेणाची बैठक घाईत उरकू देऊ नका, तिथे झालेला बदल फुकट असतो. घरी रोज वीस मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं. तीन आठवड्यांत शिट्टी गेली.

रंगाचंही तिथेच ठरतं. मला पांढरेशुभ्र हवे होते. डॉक्टरांनी रंगांची पट्टी हातात देऊन खिडकीपाशी, उजेडात उभं केलं आणि ए-थ्री निवडायला लावलं, जरा पिवळसर. शेजारच्या सुळ्यांशी जुळतो. आज एकही माणूस ओळखत नाही. एका लग्नात आमच्या जुन्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुझे दात अजून छान आहेत हं." मी काही बोलले नाही.

कवळीचे जाच आहेतच. पेरूच्या बिया आणि संक्रांतीचे तीळ खाली जाऊन टोचतात, उठून चूळ भरावी लागते. पुढच्या दातांनी ऊस सोलायचा नाही, कणीस ओरबाडायचं नाही, सफरचंद कापूनच. आमच्या भागात ऊस न सोलता राहणं म्हणजे काय ते इकडच्यांनाच कळेल. रात्री काढून पाण्यात ठेवायची, हिरडीला विसावा हवा. गरम पाणी नाही, टूथपेस्ट नाही (खरडली जाते), मऊ ब्रश आणि साधा साबण. पण ज्या दिवशी ती तोंडात बसली त्या दिवशी पदर खाली आला. इम्प्लांटने चावता आलं, कवळीने हसता आलं. दोन्हींतलं एकच ठेव म्हणाल तर मी कवळी ठेवीन, आणि हे मला स्वतःलाच नवल वाटतं.

मला लागलेला खर्च, लपवायचं काय : हिरड्यांचं काम ६,०००, स्कॅन २,५००, इम्प्लांट कॅपसकट ३८,०००, ब्रिज १३,५००, तात्पुरती कवळी ३,०००, धातूची १४,०००. एकूण ७७,०००. मेडिक्लेमने हात वर केले, अपघात नसेल तर दातांना ते सहसा देत नाहीत. एवढे जमत नसतील तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालयही आहे. तिथे खर्च बराच कमी, फेऱ्या मात्र जास्त. माझ्या मावसबहिणीने नागपूरला पूर्ण कवळी करून घेतली, सहा फेऱ्यांत, आणि ती भाकरी खाते.

इम्प्लांट किडत नाही, पण भोवतालची हिरडी सुजून हाड खाल्लं जाऊ शकतं आणि मधुमेह्याला तो धोका जास्त. त्यामुळे दर सहा महिन्यांनी साफसफाई, वर्षाने एक्स-रे. पहिला एक्स-रे ऑगस्टमध्ये झाला, हाड जागेवर आहे. माझं एचबीएवनसी ६.९.

आमच्या ह्यांची खालची दाढ गेल्या जानेवारीत काढली. वरची अजून उतरलेली नाही, मी आठवड्याला बॅटरी धरून बघते. "दिवाळीनंतर बघू" म्हणाले होते. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले. सोमवारी साडेअकराची वेळ मीच घेऊन ठेवली आहे, त्यांना रविवारी रात्री सांगेन.