एक्सओ-१ लॅपटॉप: काही महिने मुलांच्या हातात राहिल्यावर

गरीब देशांतल्या शाळकरी मुलांसाठी 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या संस्थेने काढलेला हा हिरवा-पांढरा लॅपटॉप २००७ च्या अखेरीस कारखान्यातून बाहेर पडू लागला. संस्थेचे संस्थापक निकोलस नेग्रोपाँटे यांनी शंभर डॉलरचा वायदा केला होता, किंमत गेली दोनशेच्या आसपास. ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १ जीबी फ्लॅश. आकडे आज किरकोळ वाटतील. पण मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप बनवताना पैसा कुठे ओतावा आणि कुठे हात आखडू नये, हे या यंत्राइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

पैसा योग्य जागी गेला तो स्क्रीनवर. संस्थेच्या तंत्रज्ञ मेरी लू जेप्सन यांनी घडवलेला हा साडेसात इंची स्क्रीन उन्हात वाचता येतो. बॅकलाइट पूर्ण उतरवला की रंग जातात आणि १२०० × ९०० ठिपक्यांचं काळं-पांढरं चित्र उरतं, इंचाला २०० ठिपके. देवनागरीला याचा मोठा फायदा होतो. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला एकच रंग येतो, त्यामुळे बारीक टाइपातले रफार आणि अनुस्वार मिसळून जातात. उन्हात तेच सुटे, ठसठशीत दिसतात. वाचनाचा तास ओसरीवर घ्यावा, बॅटरीही वाचते.

विजेची बाजूही विचारपूर्वक केली आहे. ११ ते १८ व्होल्ट डीसी थेट चालतं, म्हणजे सौर पॅनलच्या १२ व्होल्ट बॅटरीला मध्ये इन्व्हर्टर लागत नाही. हिशेब मात्र आधी करा. चार्ज होताना एक यंत्र जास्तीत जास्त १७ वॅट घेतं, म्हणजे १२ व्होल्टवर जवळपास दीड अँपिअर. दहा यंत्रं एकदम लावली तर १४-१५ अँपिअर. वायर बारीक आणि लांब असेल तर शेवटच्या यंत्रापर्यंत ११ व्होल्टही पोचत नाहीत आणि ते चार्जच होत नाही. दोष चार्जरला दिला जातो. जाड वायर घाला, बॅटरीजवळ फ्यूज बसवा. लॅपटॉपच्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीत साधारण २२ वॅट-तास मावतात. १२ व्होल्ट ४० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसेल, तर तिच्यावर दहा यंत्रं एका दमात भरू नका; सात-आठ पुरे.

आता कीबोर्ड. सगळ्यात आधी खराब होतो तो हाच. रबराची अखंड चादर असल्यामुळे धूळ-पाणी आत जात नाही, पण मुलं कळांच्या कडा नखाने उचकटतात. एकदा चीर गेली की ती वाढतच जाते. सुरुवातीच्या यंत्रांत आणखी एक त्रास आहे. कंट्रोल किंवा ऑल्ट कळ वरून मोकळी दिसते, पण आत दाबलेलीच राहते. मग अक्षर उमटण्याऐवजी भलतीच आज्ञा चालते आणि सॉफ्टवेअर बिघडलं असं वाटतं. आधी यूएसबी कीबोर्ड जोडून पाहा. त्यावर सगळं नीट चाललं तर दोष कळेचा. एकेक कळ बदलता येत नाही, अख्खा कीबोर्ड बदलावा लागतो. इथे थोडे पैसे वाचवले आणि वर्षभराची डोकेदुखी ओढवून घेतली, असं माझं स्पष्ट मत आहे.

टचपॅडवर ओलसर बोट लागलं की कर्सर कोपऱ्यात पळतो. पॅड कोरड्या कापडाने पुसा, बोट दूर ठेवा आणि कीबोर्डच्या चारही कोपऱ्यांतल्या कळा एकदम दाबा. पॅड नव्याने जुळवून घेतो.

दुसरी दुखरी जागा म्हणजे साठवण. शुगर या लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमधलं जर्नल, म्हणजे कामाची नोंदवही, सगळं काम आपोआप जपतं आणि त्यात मुलांचे व्हिडिओही साठत जातात. फ्लॅश काठोकाठ भरली की यंत्र सुरूच होईनासं होतं. म्हणून दर आठवड्याला व्हिडिओ पेनड्राइव्हवर घ्या आणि जर्नलमधून काढा. एसडी कार्डाची खाच स्क्रीनच्या कडेला खाली आहे, तिथे एक कार्ड कायम ठेवलेलं बरं. नव्याने सिस्टिम टाकायची वेळ आलीच तर ओएसची फाइल आणि तिच्यासोबतची झिप फाइल पेनड्राइव्हवर बाहेरच, कुठल्याही फोल्डरशिवाय ठेवा. बॅटरी आणि चार्जर दोन्ही लावा, स्क्रीनशेजारच्या चारही गेम-कळा दाबून धरून पॉवर द्या आणि सूचना आली की सोडा. यात मुलांचं सगळं काम पुसलं जातं, हे आधी सांगा.

शिकण्याबद्दल. हे लॅपटॉप वाटलेल्या पेरू देशातल्या ३१९ शाळांवरचा आंतर-अमेरिकी विकास बँकेचा अभ्यास २०१२ मध्ये आला; गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. तिथल्या बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं. उरुग्वेने 'प्लान सेईबल' या आपल्या लॅपटॉप-योजनेमध्ये जोडणी आणि दुरुस्ती सोबतच उभी केली, म्हणून तिथली योजना टिकली असं मला वाटतं. यंत्रातली खरी ताकद टर्टलआर्टमध्ये आहे; त्यात आज्ञांचे ठोकळे जोडून पडद्यावरच्या कासवाकडून चित्र काढून घेता येतं. माइकच्या खाचेत प्रतिरोध मोजता येतो: ३.५ मिमी पिनच्या टोकाला आणि बुडाला एलडीआरच्या (उजेडानुसार प्रतिरोध बदलणाऱ्या सुट्या भागाच्या) दोन तारा जोडा, टर्टलआर्टमध्ये प्रतिरोधाचा ठोकळा लावा. एलडीआरवर हात धरला की कासवाची रेघ वाकते आणि मुलं लगेच सावली मोजायला लागतात.

जुनी यंत्रं घेत असाल तर आधी तारीख तपासा. आतल्या नाणे-बॅटरीचा स्पर्श सुटला की घड्याळ शून्यावर जातं आणि चोरीविरोधी कुलूप घातलेली यंत्रं सुरूच होत नाहीत; मग दुसऱ्या संगणकावरून घड्याळ लावायला सिरियल अडॅप्टर लागतो. त्यानंतर अँटेनाचे कान उचलून त्यांच्याखालच्या यूएसबी खाचा हलवून बघा. फॅन नाही, हार्ड डिस्क नाही, साध्या फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हरने सगळं उघडतं. थोरली मुलं शिकवल्यावर कीबोर्ड स्वतः बदलतात. सुटे भाग नवे मिळणं कठीण, तेव्हा दहा चालू यंत्रांमागे दोन बंद पडलेलीही घ्या, पण कीबोर्ड शाबूत असलेलीच.