जुन्या बडोद्याची पायी फेरी : माहिती चोख, वेळेचा हिशेब कच्चा

नाशिकहून बदली होऊन बडोद्यात आल्याला दोन वर्षे झाली, तरी चार दरवाजांच्या आतले जुने शहर आम्ही दोघांनी रिक्षातूनच पाहिले होते. म्हणून एका स्थानिक आयोजकांच्या रविवार सकाळच्या पायी फेरीत नाव नोंदवले. माणशी सहाशे रुपये, अडीच तास आणि जास्तीत जास्त बारा माणसे, असे नोंदणीच्या वेळी सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात मांडवीपाशी जमलो तेव्हा मोजून तेवीस डोकी होती, आणि पुढची बरीचशी तक्रार याच एका गोष्टीतून निघते.

सुरुवात मात्र उत्तम झाली. मांडवीच्या कमानींखाली उभे करून मार्गदर्शकाने शहराची मांडणी समजावली : पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट, आणि चारही रस्ते येऊन मिळतात ते या चौकात. एवढे एकदा डोक्यात बसले की गल्ल्यांत कितीही वळणे घेतली तरी माणूस फारसा चुकत नाही; पैसे इथेच निम्मे वसूल झाले, असे मी म्हणेन. मार्गदर्शक तरुण असूनही अभ्यास पक्का होता. मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली दत्तक येऊन सयाजीराव झाला, हे आम्हा नाशिककरांना पाठच असते. पण त्याच राजाने १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर वाचनालयांची व्यवस्था उभी केली, हे मार्गदर्शकाने मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयासमोर चांगले खुलवून सांगितले.

फक्त सांगितलेच, कारण ग्रंथालय फेरीत बाहेरूनच दाखवतात. पुढे एका कामाच्या दिवशी मी एकटीच जाऊन आत पाहून आले. लोखंडी मांडण्यांच्या मधली जमीन जाड काचेची आहे, त्यामुळे वरच्या मजल्यावरचा उजेड झिरपत खालच्या पुस्तकांपर्यंत पोहोचतो, आणि वर कोणी चालू लागले की पावलांची पुसट सावली डोक्यावरून सरकत जाते. त्या काळी केलेली ही सोय न दाखवता केवळ इमारतीची दर्शनी बाजू दाखवणे, हा या फेरीचा मोठा दोष मला वाटतो.

पोळांतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांतून, जाताना तर घाईच झाली. तेवीस माणसांची रांग अरुंद गल्लीत लांबते, मागच्यांना काही ऐकू येत नाही, स्कूटरवाले हॉर्न वाजवत मधून जातात. रांगेच्या शेपटाला असल्यामुळे आमचा एक फायदा मात्र झाला. ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या एका आजींनी आमचे मराठी ऐकून हाक मारली आणि म्हणाल्या, "खाली काय बघता, खाली सगळी दुकानंच आहेत. वर बघा." वर पाहिले तर प्लास्टिकच्या बादल्यांच्या दुकानावर कोरीव लाकडी सज्जा होता, त्याच्या खांबांवरची वेलबुट्टी धुळीतूनही स्पष्ट दिसत होती. मार्गदर्शक तोवर पुढच्या वळणापलीकडे गेला होता.

न्यायमंदिर ही जुनी न्यायालयाची इमारत (१८९६) आणि सुरसागर तलाव यांवर वेळ ठीक दिला गेला, किंबहुना थोडा जास्तच. कारण ही दोन्ही ठिकाणे बडोद्यात राहणाऱ्या कुणालाही येता-जाता दिसतात. त्याची किंमत मोजावी लागली ती तांबेकर वाड्यात. गणपतराव गायकवाडांच्या काळी दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा चौमजली लाकडी वाडा या फेरीतला सर्वांत मोलाचा थांबा, आणि तोच शेवटी ठेवलेला. आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत : कृष्णलीला, महाभारत, इंग्रज-मराठे युद्ध. रंग जागोजागी उडाले आहेत, त्यामुळे डोळा अंधाराला सरावेपर्यंत थांबावे लागते, आणि मग कुठे एकेक आकृती भिंतीतून पुढे येऊ लागते. आमच्या वाट्याला दहा मिनिटे आली, तीही आळीपाळीने. एवढ्या माणसांना एकदम त्या जुन्या मजल्यावर चढवले नाही, हे मात्र योग्यच केले.

शेवटी दिलेली शेव-उसळ गरम होती आणि तर्री झणझणीत. त्याबद्दल तक्रार नाही.

दिवाळीत सासू-सासरे नाशिकहून येणार आहेत. त्यांच्यासाठी याच आयोजकांकडे पुन्हा विचारणा केली आहे : मराठी बोलणारा मार्गदर्शक, लहान गट आणि सुरुवात तांबेकर वाड्यापासून. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी मान्य केल्या. तिसरीसाठी "मार्ग ठरलेला आहे" असे उत्तर आले. तेव्हा वाडा आदल्या दिवशी आम्हीच दाखवणार आहोत.