क्विझ बोल की सायन्स बोल?

अमेरिकेतील हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या मुलांना, आणि त्यांच्यासोबत तेथील मराठी पालकांनाही, पुष्कळदा या दोन प्रश्नमंजूषांतून एक निवडावी लागते. दोन्हींत चार-चार खेळाडूंचे संघ बझर घेऊन बसतात. साम्य जवळपास तेवढेच.

क्विझ बोलचा प्रश्न हा एक लांबलचक परिच्छेद असतो, ज्यात सर्वांत अवघड सुगावा आधी आणि सर्वांत सोपा शेवटी येत असल्याने, इतिहास, साहित्य, संगीत वा विज्ञान ज्याने मुळातून वाचले आहे तो पहिल्या दोन ओळींतच बझर दाबू शकतो. ‘एनएक्यूटी’ या क्विझ बोलच्या स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार लवकर दिलेल्या बरोबर उत्तराला 15, एरवी 10 गुण मिळतात, मध्येच तोडून चुकल्यास 5 गुण वजा होतात. या धाडसाच्या हिशेबातच खरी गंमत आहे.

सायन्स बोल ही अमेरिकेच्या ऊर्जा विभागाची 1991 पासूनची स्पर्धा केवळ विज्ञान आणि गणितापुरती आहे. प्रश्न आखूड, काही बहुपर्यायी. बरोबर उत्तराला 4 गुण आणि त्यानंतरच्या बोनसला 10. बझर दाबल्यावर संचालकाने आपला पुकारा करण्याआधीच उत्तर बोलून टाकल्यास ते बाद ठरते, हा नियम उतावळ्या मुलांना फार छळतो. प्रादेशिक फेरीतील विजेत्यांचा राष्ट्रीय फेरीचा प्रवासखर्च मात्र ऊर्जा विभाग उचलतो, तर क्विझ बोलमध्ये तो बहुधा शाळेच्या किंवा पालकांच्या खिशातून जातो.

गणिते झटपट सोडवणाऱ्या मुलाने सायन्स बोलकडे वळावे; चौफेर वाचणाऱ्याला मी निःसंकोचपणे क्विझ बोलच सुचवीन.