झेडपीची शाळा की आरटीईची जागा?

पहिलीच्या प्रवेशाचे दिवस आले की ओळखीतल्या आया विचारतात, "ताई, झेडपीत घालू की आरटीईचा फॉर्म भरू?" मी आधी उलट विचारते, नववीचं काय ठरवलंय?

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे आरटीईने, खासगी आणि बहुधा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गरीब, वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्क्यांतली जागा आठवीपर्यंतच मोफत असते. नववीला फी सुरू होते आणि कित्येक पोरं तेव्हा मराठी शाळेत येतात. माझ्या वर्गात असाच एक मुलगा आला. चाचणीत 'क्षेत्रफळ' या शब्दावर अडून बसला होता. "अरे, एरिया," म्हटल्यावर उदाहरण झटक्यात सुटलं, पण तोवर घंटा झाली होती. मुलगा हुशार होता, त्याचे मार्क गेले. मला ते आजही लागतं.

फी माफ असली तरी बस, सहल, गॅदरिंगचे पैसे अनेक ठिकाणी मागतातच. शिवाय सगळा खेळ सोडतीचा. २०२४मध्ये सरकारने सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती. उच्च न्यायालयाने ती रद्द केली म्हणून ही वाट शिल्लक आहे.

झेडपीत पुस्तकं, गणवेश, दुपारचं जेवण मिळतं. व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात, म्हणजे तुम्हाला तिथे बोलता येतं. दुखणं शिक्षकांचं. साठ पटापर्यंत किमान दोन शिक्षक हवेत असं कायदा सांगतो, पण त्यातला एक निवडणुकीच्या कामाला गेला की चार वर्ग एकाच्या गळ्यात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले रणजितसिंह डिसले २०२०मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ जिंकले. अशी माणसं झेडपीत आहेत; तुमच्या वाडीवर कोण आहे, ते मात्र तुम्हीच जाऊन बघायला हवं.

दोन्ही शाळांत जा. तिसरीतल्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला लावा आणि काय वाचलं ते घरच्या बोलीत सांगायला सांगा. इंग्रजी शाळेतलं पोर घडाघडा वाचतं आणि अर्थ विचारला की गप्प होतं, हे मी खूपदा पाहिलंय.

झेडपीत पोरं समजून वाचत असतील आणि दोन शिक्षक असतील, तर मी तिथेच घालीन. आरटीई तेव्हाच, जेव्हा शाळा चालत जाण्याइतकी जवळ आहे, घरात इंग्रजी अभ्यास घेणारं कुणी आहे आणि नववीच्या फीसाठी आजपासून थोडे पैसे बाजूला पडतायत. फॉर्म मात्र भराच, त्याला पैसे लागत नाहीत.