सांवेरच्या शेतात तळं की बोअर?

इंदूरला राहून सांवेरची शेती सांभाळणारा आमचा मावसभाऊ अडलाय: पैसे एकाच कामापुरते आहेत.

सुरुवातीचा खर्च बोअरचा कमी. पण माळव्याचा बेसाल्ट (काळा कातळ) लहरी, पाणी भेगांतच. कोरडा गेला की पैसे बुडाले. शिवाय विजेचं बिल.

तळ्याला जमीन द्यावी लागते, हेच खरं दुखणं. शेजारच्या देवासमध्ये २००६ पासून शेतकऱ्यांनी साधारण दहावा हिस्सा तळ्याला दिला, सुरुवातीला काहींनी तर कर्ज काढून. आपली काळी चिकण माती पाणी बऱ्यापैकी धरते, त्यामुळे तळ्यात प्लॅस्टिक अंथरून देणाऱ्याच्या नादी लागायची घाई नको. गाळ मात्र काढावाच लागतो.

गहू-हरभऱ्याला तळं. जमीन थोडी आणि उन्हाळी भाजी असेल तर बोअर, तोही शेजाऱ्यांच्या बोअरची खोली विचारून.