सेकंडहँड ऑडी ई-ट्रॉन ५५ घेतली, संभाजीनगरात वापरायला कशी आहे?

२०२१ ला ही इलेक्ट्रिक गाडी भारतात आली तेव्हा ५५ मॉडेलची एक्स-शोरूम किंमत १ कोटी १६ लाख होती. आपल्याला त्याच सालाची गाडी पुण्याच्या एका डीलरकडून निम्म्याहून कमी पैशात मिळाली. गंमत बघा, ऑडीच्या बऱ्याच गाड्या आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जोडल्या जातात पण ही थेट ब्रुसेल्सहून तयार होऊन यायची, आणि तो कारखानाच २०२५ ला बंद पडला.

चालवायला लय भारी राव. अडीच टनाचं धूड आहे पण एअर सस्पेन्शनमुळं खड्डे कळतच नाहीत, आमचे दादा तर मागं बसल्या बसल्या गेवराई येईस्तोवर घोरत होते.

आता रेंजचं. बॅटरी ९५ युनिटची, त्यातले ८६ च्या आसपास वापरायला मिळतात, कंपनी ४८४ किमीपर्यंत सांगायची पण समृद्धीवर १२० नं एसी लावून पळवली की तीनशेच्या आसपास धरून चाला. नांदेडला एका चार्जमधी जाता येतं, पण परत यायचं तर तिथं चार्जिंग करावंच लागतं. गाडी १५० किलोवॅटनं चार्ज होऊ शकते पण तेवढा मोठा चार्जर आपल्याकडं भेटला पाहिजे ना, ६० च्या चार्जरवर तासाभराच्या वर बसावं लागतं, चहा पिऊन पिऊन पोट फुगतं.

डीलर स्क्रीनवरची रेंज दाखवून बॅटरी टकाटक आहे म्हणत होता. तो आकडा गाडी आधी कशी चालवली त्यावरून येतो, त्याच्यावर जाऊ नका. मी सर्व्हिस सेंटरचा बॅटरी हेल्थ रिपोर्ट (बॅटरीत किती दम उरलाय ते सांगणारा) हातात आल्याशिवाय टोकन दिलं नाही, त्यानं लय तोंड वाकडं केलं, करू द्या. बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी वॉरंटी आहे म्हणजे २०२१ ची गाडी २०२९ पर्यंत कव्हर, म्हणून किलोमीटर आणि सर्व्हिस हिस्ट्री दोन्ही बघाच.

आणि घरी थ्री फेज असेल तरच घ्या. ११ किलोवॅटवर रात्रीत फुल होते. साध्या १५ अँपियरच्या सॉकेटवर रात्रभर लावून शंभरेक किमीचीच भर पडते, त्यात मधेच लाईट गेली तर तेवढंही नाही. फ्लॅटवाल्यांनी आधी सोसायटीची परवानगी काढावी अन् महावितरणकडून लोड वाढवून घ्यावा, गाडी बघायला मग पुण्याला जावं.