शहापुरातल्या ग्रामोफोन रिपेअरवाल्या काकांकडचा माझा अनुभव

आजोबांचा एचएमव्ही 101, म्हणजे चावीचा पेटीतला ग्रामोफोन, माळ्यावर पडून होता, चावी दिली की मध्येच धडधड आवाज यायचा आणि गाणं घोगरं. म्हणून निपाणीच्या एका बाजारात त्याला बसणारा चार नंबरचा साऊंडबॉक्स (सुई बसते आणि आवाज निघतो तो गोल भाग) घेतला होता, विकणारा म्हणाला एकदम ओके, घरी आल्यावर बघितलं तर मागच्या प्लेटला भेगा. जुना जस्ताचा मिश्रधातू तो, वर्षांनी फुगतो आणि तडकतो, त्याला इलाज नाही.

मग शहापुरातल्या काकांकडे गेलो. त्यांनी माझ्यासमोरच मूळ साऊंडबॉक्स खोलला, आतली थरथरून आवाज काढणारी अभ्रकाची चकती शाबूत होती, पण भोवतीचं रबर दगडासारखं झालेलं, तेवढंच बदललं. स्प्रिंगचं जुनं ग्रीस डांबर झालं होतं, ते रॉकेलनं धुवून ग्रॅफाइट ग्रीस भरलं. मी म्हटलं काका पॉलिशपण करा की, तर म्हणाले "बाळा, आजोबांचा हात लागलाय त्याला, राहू दे तसंच." हे मला फार आवडलं. शेवटी रेकॉर्डखाली कागदाची पट्टी घालून मिनिटात 78 फेरे मोजून दाखवले.

वेळ मात्र लागतो, मला दीड महिना लागला आणि फोन उचलत नाहीत, खानापूरहून दोनदा फुकट खेप झाली.

पण घरी आणून गायिका गंगूबाई हनगल यांची रेकॉर्ड लावली, 'गांधारी' या नावानं निघालेली, आणि आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि सुई प्रत्येक बाजूला नवी घाला हं, नाहीतर रेकॉर्ड खरवडते.